बार्बाडोसचा ३० नोव्हेंबर: आठवडाभर आधीच पोहोचा

बार्बाडोसचा स्वातंत्र्यदिन बघायचा असेल तर थेट ३० नोव्हेंबरला जाऊन उतरू नका, निदान आठवडाभर आधी पोहोचा. संचलन काही तासांत उरकतं. सण मात्र महिनाभर चालतो आणि त्यातली खरी मजा रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात असते.

नोव्हेंबर लागला की राजधानी ब्रिजटाउन निळ्या-सोनेरी दिव्यांनी उजळते. संसदेची इमारत आणि चेंबरलेन पुलाजवळची स्वातंत्र्य कमान बघायला अंधार पडल्यावर पायीच जा. निळा आणि सोनेरी हे देशाच्या झेंड्याचे रंग. मधल्या सोनेरी पट्ट्यावर काळा त्रिशूळ आहे, त्याला दांडा नाही. वसाहतीच्या मुद्रेवरचा त्रिशूळ मुद्दाम मोडून घेतलाय, इंग्रजांचं राज्य संपलं म्हणून. १९६६ साली २९ नोव्हेंबरच्या मध्यरात्री गॅरिसन सव्हानाच्या मैदानावर युनियन जॅक उतरला आणि हा झेंडा चढला. २०२१ मध्ये याच ३० तारखेला देश प्रजासत्ताक झाला. भर चौकातला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा त्याच्या आदल्या वर्षीच हलवला होता.

आता कॉन्की, या सणाचा गोड पदार्थ. मक्याचं पीठ, किसलेला लाल भोपळा, रताळं, ओलं खोबरं, साखर, लोणी, बेदाणे, जायफळ आणि दालचिनी एकत्र कालवतात. केळीचं पान आचेवरून फिरवून मऊ करायचं, त्यावर हे मिश्रण घालायचं, चौकोनी घडी घालून वाफवायचं. पुडी उघडली की आधी पानाचा वास येतो, मग जायफळाचा. आपल्याकडची हळदीच्या पानातली पातोळी ज्यांनी खाल्लीय त्यांना ही पानात वाफवायची पद्धत नवी वाटणार नाही. पूर्वी कॉन्की ५ नोव्हेंबरला, गाय फॉक्सच्या दिवशी करायचे; गाय फॉक्स आणि साथीदारांचा राजाविरुद्धचा कट फसला म्हणून इंग्रज पाळतात तो हा दिवस. स्वातंत्र्यानंतर ती या सणाची झाली. इंग्रजांच्या दिवसाचा पदार्थ आपल्या दिवसाला आणून ठेवला, हे मला संचलनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. बेकरीत मिळते, पण घरगुती करून विकणाऱ्या बायकांकडची जास्त चांगली. ताजी आणि गरम असतानाच खा. काहीजण अंडं घालतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

संचलनात सैन्य, पोलीस आणि विद्यार्थ्यांची पथकं असतात. माझी नजर मात्र लँडशिपवर खिळली होती. नौदलासारखे पांढरे गणवेश घातलेली ही मंडळी जमिनीवरच जहाज चालवतात: खवळलेल्या समुद्रात डोलावं तशी अंगं झुलवत, वाकत, टक बँडच्या ढोल-बासरीवर पुढे सरकतात. मुळात ही एकमेकांना अडीअडचणीला मदत करणारी संस्था, १९व्या शतकापासूनची. गरिबांनी उभं केलेलं हे काम आज देशाच्या मुख्य सोहळ्यात मानाने चालतं, ते बघताना भरून येतं.

संचलनाची जागा दरवर्षी तीच असेल असं धरून चालू नका, त्या वर्षीची घोषणा बघा. सकाळी लवकर जाऊन सावलीची जागा धरा. टोपी, पाणी आणि छत्री तिन्ही घ्या, कारण पावसाळा नुकता सरत असतो. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात, लागेल ते आदल्या दिवशी आणून ठेवा. लष्करी नक्षीचे कपडे घालायला इथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. बॅग भरतानाच ते बाजूला काढा.

मुंबईहून थेट विमान नाही, आम्ही लंडनमार्गे गेलो. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी नियम तपासा, आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा बघा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. सरकारी निळ्या बसमध्ये उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून नेमके सुटे जवळ ठेवा. डिसेंबरच्या मध्यापासून गर्दीचा हंगाम लागतो, नोव्हेंबरात हॉटेलं त्यामानाने स्वस्त पडतात.

एखादा दिवस निफ्कासाठी राखा. १९७३ पासून चालणारा हा स्वातंत्र्यमहोत्सव: गाणं, नाच, नाटक, पाककला, सगळं त्यात येतं. आणि केन्सिंग्टन ओव्हलला जाऊन याच. २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक इथेच जिंकला. ब्रिजटाउनच्या मध्यातून चालत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं.