आमची वाटचाल : लेबलांच्या हिशेबावर उभे राहिलेले काम

आम्ही स्वतः कोणतीही वस्तू तयार करत नाही. दुसऱ्यांच्या कारखान्यांत तयार झालेला माल आमच्याकडे येतो. आम्ही तो भरतो, त्यावर लेबल लावतो, बॅच क्रमांक आणि तारीख छापतो, खोक्यांत बांधतो आणि रवाना करतो. ग्राहक ती वस्तू हातात घेतो तेव्हा तिच्यावर नाव उत्पादकाचे असते, आमचे कुठेच नसते, आणि ते तसेच असायला हवे.

पहिले काम एका साबण उत्पादकाने दिले. त्यांच्या यंत्रावर एकेक वडी गुंडाळली जात असे, परंतु सवलतीच्या योजनेसाठी त्यांना तीन वड्यांचा एकत्र पुडा हवा होता, आणि काही आठवड्यांच्या योजनेसाठी नवे यंत्र घेणे त्यांना परवडणारे नव्हते. आमच्याकडे दोन टेबले, एक हीट गन आणि पाच माणसे होती. तीन वड्यांवर श्रिंकची पिशवी चढवायची, गरम हवेने ती आवळायची आणि वर सवलतीचे स्टिकर लावायचे, एवढेच ते काम. त्यातून एक गोष्ट मात्र उमगली, की ज्याचे उत्पादन हंगामी असते, ज्याचे आकार वारंवार बदलतात किंवा ज्याला नवा माल बाजारात थोडाच उतरवून पाहायचा असतो, त्याच्यासाठी पॅकिंग बाहेर देणे सोयीचे ठरते. याउलट वर्षभर एकच वस्तू, एकाच आकारात, मोठ्या संख्येने काढणाऱ्या उत्पादकाने स्वतःचीच लाइन टाकावी, असे आम्ही आजही स्पष्टपणे सांगतो, आणि तसे सांगून काही कामे परतही पाठवली आहेत.

दुसऱ्या वर्षी आमच्या हातून जी चूक झाली, तिच्यावर हा व्यवसाय आज उभा आहे. हात धुण्याच्या द्रवाचे दोन प्रकार एकाच उत्पादकाकडून आले होते. एक सुगंधी, दुसरा नाजूक त्वचेसाठी सुगंधविरहित. दोन्ही लेबलांची किनार हिरवी, आकार तोच, फरक फक्त एका ओळीचा. सकाळी सुगंधविरहित माल संपला आणि त्याच्या लेबलांचा अर्धा रोल यंत्राशेजारच्या टेबलावर तसाच राहिला. दुपारी सुगंधी माल चालू असताना रोल संपला, आणि लाइनवरच्या माणसाने हाताशी असलेला रोल चढवला. उत्पादकाच्या गोदामात एक बाटली उघडली गेली, तिचा वास आला, आणि मग फोन आला. ज्या माणसाला सुगंधाचा त्रास होतो, नेमक्या त्याच माणसाच्या हाती ती बाटली पडली असती, हे त्यांनी शांतपणे सांगितले. ती शांतता आम्हाला रागावण्यापेक्षा जड वाटली. आम्ही संपूर्ण बॅच परत आणली, प्रत्येक खोका उघडला, प्रत्येक बाटली पाहिली आणि सगळा खर्च स्वतः सोसला. ज्याने रोल चढवला त्याला आम्ही दोष दिला नाही, कारण तो रोल तिथे राहू देणारी पद्धत आमची होती.

त्यानंतर दोन नियम ठरले. पहिला लाइन क्लिअरन्सचा : एक काम संपल्यावर दुसरे सुरू करण्यापूर्वी टेबल, यंत्र, कन्व्हेयरखालची जमीन आणि कचऱ्याचा डबा रिकामा करायचा, आणि तो रिकामा असल्याची सही त्या लाइनवर काम न करणाऱ्या माणसाने करायची. दुसरा नियम हिशेबाचा : आलेली लेबले म्हणजे लावलेली, खराब झालेली आणि परत केलेली यांची बेरीज. दहा हजार लेबले आली, ९,८४० लागली, ११२ खराब झाली, ४८ परत गेली, तर हिशेब जुळला. तीन कमी पडली, तर ती सापडेपर्यंत किंवा त्यांचे कारण कळेपर्यंत माल जागचा हलत नाही. एकदा अशीच तीन लेबले दीड तास शोधली. दोन यंत्राच्या रबरी रोलरला चिकटलेली होती आणि तिसरे एका कामगाराच्या बुटाच्या तळव्याला. छापखान्यातून येणाऱ्या रोलमध्ये सांधे असतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंची लेबले एकच आहेत ना, हे पाहणेही तेव्हापासून कामाचा भाग झाले.

लेबल लावणे म्हणजे चिकटवणे, असे बाहेरून वाटते, पण लेबल कशावर चिकटवायचे हे आधी नीट पाहावे लागते. पॉलिएथिलीनच्या बाटलीचा पृष्ठभाग मुळातच कशाला धरून ठेवणारा नसतो, म्हणून पकड वाढवण्यासाठी तिच्यावर ज्योतीची किंवा कोरोनाची, म्हणजे विजेच्या झोताची, प्रक्रिया झाली आहे का, हे डाइन पेनाने, म्हणजे त्यासाठीच्या खास शाईच्या पेनाने, रेघ ओढून आम्ही तपासतो. रेघ सलग राहिली तर ठीक, थेंबांत आक्रसली तर त्या बाटलीवरचे लेबल पुढे सुटणार हे नक्की. साच्यातून नुकत्याच निघालेल्या बाटल्या थंड होताना काही काळ आकसत राहतात आणि घाई केली तर लेबलाला सुरकुत्या पडतात. शीतगृहातून आलेल्या बाटल्यांवर दव धरते. ते सुकू दिल्याशिवाय आम्ही रोल चढवत नाही. बहुतेक गोंदांना पूर्ण पकड यायला साधारण एक दिवस लागतो, हे आम्ही उत्पादकाला आधीच सांगून ठेवतो.

बारकोडबाबत आमचे वाद अनेकदा झाले. दुकानात बारकोडवरून पहिली विक्री २६ जून १९७४ रोजी झाली, तरी आजही लाल पट्ट्यांचा बारकोड मागणारे भेटतात, कारण तो पाकिटाच्या रंगाशी जुळतो. बहुतेक लेझर स्कॅनरचा प्रकाश लालच असतो, त्यामुळे पांढऱ्यावरच्या लाल पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. तेरा आकड्यांच्या बारकोडचा मूळ आकार दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर असतो आणि तो त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये असा दंडक आहे. पण जागा कमी पडली की छाट बहुधा कोऱ्या जागेवरच येते. बारीक गोल बाटलीवर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवल्या तर वक्रतेचा त्रास होत नाही, आणि ही सूचना आम्ही लेबल छापायला जाण्यापूर्वीच करतो.

खोक्यांबाबत थोडेच सांगतो : खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या कोपऱ्यांत असते, म्हणून आम्ही खोके विटांसारखे आडवे-उभे न रचता कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचतो आणि पुठ्ठा ओलाव्यापासून दूर ठेवतो.

आज आमच्याकडे प्रत्येक लेबल वाचणारा कॅमेरा आहे आणि चुकीची बाटली तो लाइनवरून बाजूला टाकतो. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन उत्पादकांचा माल आमच्याच छताखाली असतो, त्यामुळे तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या माणसांकडून हाताळला जातो. नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा यंत्राला हात लावू देत नाही; तो फक्त आलेली, लागलेली, खराब आणि उरलेली लेबले मोजतो आणि वहीत लिहितो. हात धुण्याच्या द्रवाचा तो उत्पादक काही महिन्यांनी परत आला. त्याचे दोन्ही प्रकार आजही आमच्याकडेच भरले जातात. सुगंधविरहित लेबलाची किनार आता निळी आहे. ती बदलण्याची विनंती आम्ही केली होती आणि त्यांनी ती मान्य केली.