पाठ स्टेजकडे

7 मार्च 2020 च्या रात्री युरोव्हिजनसाठी, म्हणजे युरोपातल्या देशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी, स्वीडनचं गाणं निवडलं गेलं. त्या वेळी मी त्याच सभागृहात होते, पण एकही गाणं मी पाहिलेलं नाही. ऐकलं सगळं. आमचं काम प्रेक्षकांची व्यवस्था बघायचं. पायऱ्यांच्या तळाशी उभं राहायचं, तोंड लोकांकडे आणि पाठ स्टेजकडे. शो चालू असताना मान मागे वळवायची नाही, हे पहिल्या शिफ्टलाच बजावून सांगतात. कुणी चक्कर येऊन पडलं, कुणी कठड्यावर चढलं, कुणाचं पोर हरवलं, तर ते तुम्हाला कळायला हवं.

मी तेव्हा स्टॉकहोममध्ये मास्टर्स करत होते आणि शनिवार-रविवारी हे काम. पैसे बरे, स्वीडिश सुधारायचं आणि हॉकीपासून रॉक कॉन्सर्टपर्यंत काहीही फुकटात ऐकायला मिळायचं. पुण्यात ढोल-ताशा पथकात मी दोनतीन वर्षं दोर धरलेला आहे. लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या दिवशी दोर धरणाऱ्याला पथक दिसत नाही, समोरची गर्दी दिसते. त्यामुळे मुलाखतीत ‘गर्दीचा अनुभव आहे का’ असं विचारलं तेव्हा मी जरा हसलेच.

या निवड स्पर्धेचं नाव मेलोडीफेस्टिवालेन, सगळे नुसतं ‘मेलो’ म्हणतात. 1959 पासून चालू आहे. स्वीडनचं सार्वजनिक टीव्ही चॅनेल एसव्हीटी ती भरवतं. 1974 साली ‘आबा’ (ABBA) हा पॉप बँड याच दारातून युरोव्हिजनला गेला आणि तिथं जिंकला. तेव्हापासून हा देश या गोष्टीकडे खेळ म्हणून बघत नाही. फेब्रुवारी आला की सलग सहा शनिवार घरोघरी टीव्हीसमोर बैठक बसते. त्या वर्षी लिंशपिंग, गोथेनबर्ग, लुलेओ, माल्मो असा दौरा झाला, मग एस्किल्स्टूनाला दुसऱ्या संधीची फेरी आणि शेवटी अंतिम फेरी स्टॉकहोमला खेटून असलेल्या सोलनात, फ्रेंड्स अरेनामध्ये. आता त्याचं नाव बदलून स्ट्रॉबेरी अरेना झालंय. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या स्पर्धांत जुनी गाणी गाऊन गायक जिंकतो. इथे गाणं नवं कोरं लागतं, तीन मिनिटांच्या आतलं, आणि कागदोपत्री जिंकतं ते गाणंच.

त्या शनिवारी दुपारी सोलना स्टेशनवर उतरले तर बाहेर दोनतीन अंश, वारा, आणि प्लॅटफॉर्मवर चमकीच चमकी. पिसांचे गळपट्टे, सोनेरी जॅकेटं, गालावर हार्ट. सहा वर्षांच्या मुलींपासून त्यांच्या आज्यांपर्यंत सगळ्यांचा एकच थाट. दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम असते आणि तिलाही तिकिटं विकली जातात, लहान मुलं बहुतेक तेव्हाच आणतात. रात्री थेट प्रक्षेपण. म्हणजे आमच्यासाठी एकाच दिवसात सभागृह भरायचं, रिकामं करायचं आणि पुन्हा भरायचं.

ब्रीफिंग नेहमीसारखंच. आणीबाणीचे दरवाजे, वैद्यकीय पथक कुठे, व्हीलचेअरवाल्यांच्या जागा, कुठल्या मापाची पिशवी आत सोडायची. शेवटी आमच्या शिफ्टप्रमुख बाईंनी सांगितलं की सॅनिटायझर दोन ठिकाणी ठेवलंय, वापरा, आणि ज्याला बरं वाटत नसेल त्यानं आत्ताच सांगावं, कुणी काही म्हणणार नाही. कुणीच हात वर केला नाही. मास्क एकाच्याही तोंडावर नव्हता. तेव्हा तो विषयच नव्हता. स्वीडनमध्ये कोरोनाच्या रुग्णांचा आकडा शंभरावर गेला होता, पण बरेचसे सुटीत आल्प्समध्ये स्कीइंगला जाऊन आलेले. ‘ते इटलीवाले’ असं सगळे म्हणायचे.

माझ्या शेजारच्या पायऱ्यांवर माल्मोचा एक पोरगा होता. त्याची बहीण त्याच रात्री समुद्रापलीकडे कोपनहेगनला डेन्मार्कच्या निवडीला जाणार होती. स्पर्धा तीच, तारीख तीच, जागा रॉयल अरेना. आदल्या दिवशी, शुक्रवारी, डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी सांगितलं की हजाराहून जास्त लोकांचे कार्यक्रम मार्चअखेरपर्यंत नकोत. डॅनिश टीव्हीनं कार्यक्रम रद्द केला नाही, प्रेक्षक रद्द केले. पोरगा हे सांगताना हसत होता. “ती सोफ्यावर बसून बघणार आणि मी इथे फुकटात.” मधला पूल ओलांडायला गाडीनं दहा मिनिटं लागतात. एका बाजूला रिकामं सभागृह आणि आमच्या बाजूला पंचवीस हजारांच्या वर माणसं. खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला डॅनिश लोक जरा घाबरट वाटले. आणि गंमत अशी की युरोपचं रोगनियंत्रण केंद्र आणि स्वीडनची सार्वजनिक आरोग्य संस्था, दोन्हींची कार्यालयं याच सोलनात आहेत.

दुपारच्या तालमीत माझ्या ब्लॉकमध्ये निम्मी पोरं. इथे लहान मुलाला मोठ्या आवाजात न्यायचं तर कानांवर मोठाले रंगीत कर्णरक्षक चढवतात, विमानतळावर काम करणाऱ्यांच्या कानांवर असतात तसलेच. त्यामुळे समोर गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कानांच्या रांगाच्या रांगा. पहिल्या पायरीवर एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. तिला आवाज अर्धाच येत असणार, पण शब्द सगळे पाठ. तिनं मला विचारलं, “तुझं मत कुणाला?” मी म्हटलं, मला कामावर मत देता येत नाही. तिला माझी फार दया आली.

तिची दया रास्त होती, कारण तिला स्वतःला मत होतं. मेलोचं मतदान मुख्यतः मोबाइलच्या अ‍ॅपवर चालतं, फुकट. आधी आपलं वय सांगायचं. मग वयानुसार सात गट: 3 ते 9, 10 ते 15, 16 ते 29, 30 ते 44, 45 ते 59, 60 ते 74 आणि 75 च्या पुढचे. फोनवरून मत देणाऱ्यांचा आठवा गट. प्रत्येक गट आपापल्या आवडीप्रमाणे 12, 10, 8 आणि मग 7 पासून 1 पर्यंत गुण वाटतो. म्हणजे तीन ते नऊ वर्षांच्या पोराटोरांच्या बारा गुणांचं वजन त्यांच्या आई-बापांच्या पिढीच्या बारा गुणांइतकंच. आठ गटांचे मिळून 464 गुण, आणि तितकेच परदेशी ज्युरींचे. आदल्याच वर्षी, 2019 ला, ही गटांची पद्धत आली. त्याआधी टक्केवारी होती, आणि अ‍ॅपवर सगळेच सगळ्यांना भरभरून हार्ट, म्हणजे मतं, वाटायचे, त्यामुळे टक्के एकमेकांना चिकटून बसायचे, फरकच पडायचा नाही. एखाद्या घरात आजोबा, आई आणि नात एकाच सोफ्यावर बसून तीन वेगळ्या गटांत मतं देतात, हे मला फार आवडायचं. आमच्या घरी रिमोट बाबांच्या हातात असायचा, तिथेच मतदान संपायचं.

रात्री आठला थेट प्रक्षेपण सुरू झालं. लीना हेडलुंड, लिनेया हेनरिकसन आणि डेव्हिड सुंदीन हे तिघं सूत्रसंचालक. बारा गाणी. माझ्या पाठीमागे हे सगळं चाललेलं आणि समोर चेहऱ्यांची भिंत.

चेहऱ्यांवरून गाणं ओळखायला फार वेळ लागत नाही. मोहोम्बीच्या वेळी खांदे हलायला लागले. अ‍ॅना बर्गेनदालच्या वेळी पस्तिशीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात. पॉल रे गात असताना वरच्या रांगांत शेकडो फोनचे दिवे. अनिस डॉन देमिना आला की बारा-तेरा वर्षांची मुलं उड्या मारायला लागायची. मला तेव्हा पायऱ्यांवरून खाली घसरणाऱ्यांकडे बघायचं होतं, म्हणून ते गाणं मला नीट आठवतही नाही.

डॉटरचं मात्र आठवतं. ती आरशाच्या तुकड्यांचा पोशाख घालून उभी असते आणि लेझरचे किरण तिच्या अंगावरून उसळून सभागृहभर फेकले जातात. हे मला दुसऱ्या दिवशी व्हिडिओत कळलं. त्या रात्री मला दिसले ते लोकांच्या तोंडांवरून सरकणारे उजेडाचे पट्टे. पट्टा एका रांगेवर आला की ती रांग स्तब्ध, पुढे सरकला की पुढची. टाळ्या वाजवायला कुणाला सुचेना. असा शांत घोळका मी मेलोच्या आधी किंवा नंतर कधी बघितला नाही. मनात म्हटलं, झालं, हीच जाणार रॉटरडॅमला, युरोव्हिजनला.

आणि मामाज, तीन गायिकांचा गट. ॲशली हेन्स, लूलू लामोट आणि डायना योनस मान्ना. आदल्या वर्षी जॉन लुंडविकच्या मागे कोरसमध्ये उभं राहून युरोव्हिजन गाठलेल्या बायका, या वेळी स्वतःच्या नावानं पुढे. ‘मूव्ह’ सुरू झालं आणि दोन कडव्यांत माझा अख्खा ब्लॉक उभा. पुढच्या रांगेतले एक सत्तरीचे आजोबा, काठी खुर्चीला टेकवलेली, तेही उठले आणि हात वर करून टाळ्या वाजवायला लागले. नियमानं मी त्यांना बसायला सांगायला हवं होतं, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. पण मागचेही उभेच होते, तेव्हा सांगायचं कुणाला? मधूनच त्यांना खोकल्याची उबळ आली. बायकोनं पर्समधून गोळी काढून दिली, त्यांनी ती तोंडात टाकली आणि पुन्हा टाळ्या. आजूबाजूच्या कुणी मान वळवून बघितलंही नाही. पुढच्या शनिवारी हेच घडलं असतं तर अख्खी रांग रिकामी झाली असती.

मग गुण. गुण वाचताना माझं काम सगळ्यात अवघड होतं, कारण लोक पुढे झुकतात आणि पायऱ्या भरायला लागतात. इयरपीसमध्ये शिफ्टप्रमुख सारख्या सांगत होत्या, पायऱ्या मोकळ्या, पायऱ्या मोकळ्या. मी दोन्ही हात आडवे करून उभी. माझ्या डावीकडे डॉटरच्या नावाचा फलक घेतलेल्या चार मैत्रिणी होत्या, उजवीकडे मामाजवाल्या दोन बहिणी आणि त्यांची आई. शेवटचा आकडा जाहीर झाला, तो मला गोंगाटात ऐकूच आला नाही. डावीकडचा फलक हळूहळू खाली आला आणि उजवीकडची आई दोन्ही मुलींना घेऊन खाली बसली, रडत. त्यावरून मला निकाल कळला. आकडा नंतर माल्मोच्या पोरानं बोटांवर दाखवला. 137 आणि 136. एक गुण.

इतक्या कमी फरकाचं लोकांना पटतं का? नाही पटत. बाहेर पडताना पहिली दहा मिनिटं सगळ्या रांगेत हाच वाद. ज्युरींनी घात केला, पोरांनी घात केला, म्हाताऱ्यांनी घात केला. सात वयोगट असल्याचा हा एक तोटा, दोष द्यायला सातही मिळतात.

त्यापुढचं काम माझ्या आवडीचं. सोलना स्टेशनकडे जाणारी गर्दी टप्प्याटप्प्यानं सोडायची, म्हणजे लोकलच्या प्लॅटफॉर्मवर चेंगराचेंगरी होत नाही. थंडीत लोक एकमेकांना चिकटून उभे, झोपलेली पोरं खांद्यावर, कानांवर अजून तेच रंगीत डबे. शेवटची खेप सुटली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, नेहमीसारख्या.

सोमवारी होळी. आईला फोन केला तर तिनं पुरणपोळीचं बोलायच्या आधी सांगितलं की पुण्यात पहिले रुग्ण सापडले, दुबईहून आलेले. तिची काळजी अशी की मी ‘तिकडे’ आहे. मी तिला शनिवारचं काही सांगितलं नाही. बुधवारी, 11 मार्चला, स्टॉकहोममध्ये पहिला मृत्यू झाला आणि त्याच दिवशी सरकारनं पाचशेहून जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली. संध्याकाळी कामाचं अ‍ॅप उघडलं तर एप्रिलपर्यंतच्या माझ्या शिफ्ट एकेक करून करड्या होत होत्या. महिनाअखेरीस मर्यादा पन्नासवर आली. पन्नास माणसांना सांभाळायला पिवळं जॅकेट लागत नाही. आमच्यातले बरेच जण किराणा दुकानांत माल लावायला गेले, माल्मोचा पोरगा गावी परतला. मी भाड्यासाठी एका गोदामात पार्सलं बांधली.

शनिवारच्या गर्दीतून किती जणांनी काय घरी नेलं, हे कुणी मोजलं नाही, आणि मीही त्यावर मत देणार नाही. मी आजारी पडले नाही. सत्तरीच्या त्या आजोबांचं मात्र एप्रिलभर राहून राहून मनात यायचं.

18 मार्चला युरोव्हिजन रद्द झालं. 1956 पासून पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी जुनं गाणं चालणार नाही, हेही लगेच ठरलं. काही देशांनी आपल्या गायकांना तसंच पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं. स्वीडननं नाही. इथे पुन्हा स्पर्धा, पुन्हा रांगेत. 2021 ची मेलो स्टॉकहोमच्या ॲनेक्सेटमध्ये प्रेक्षकांशिवाय झाली आणि मी ती सोफ्यावर बसून बघितली. मामाजही आल्या होत्या आणि डॉटरही. जिंकला टूसे. मामाज तिसऱ्या, डॉटर चौथी.