अंगठीच्या आतल्या बाजूला

ऑक्टोबरातल्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही लंडन ब्रिजजवळच्या हॉटेलातून बाहेर पडलो. रस्ते ओले होते आणि उजाडायला चांगला दीड तास होता. भाची मफलरीत तोंड खुपसून म्हणाली, "आत्या, दागिने घ्यायला या वेळी कोण जातं गं?" मी म्हटलं, ज्याला चांगलं काही मिळवायचंय तो जातो. बर्मंडसी स्ट्रीटवरून पंधरा मिनिटं चालत आम्ही चौकात पोचलो, तेव्हा तिथे गाड्यांमधून ट्रंका उतरवणं चाललं होतं आणि दोनचार माणसं हातातल्या बॅटरीच्या उजेडात टेबलांवर वाकून बघत होती.

बर्मंडसीचा हा जुन्या वस्तूंचा बाजार फक्त शुक्रवारी भरतो. या बाजाराला पूर्वी एका जुन्या इंग्रजी कायद्याचं संरक्षण होतं. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात अशा उघड्या बाजारात कुणी प्रामाणिकपणे वस्तू विकत घेतली, तर ती पुढे चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहायची. हा कायदा १९९५ साली गेला. आता विक्रेते पावती लिहून देतात, नाव-पत्ता देतात. पण पहाटेची सवय मात्र टिकून आहे, कारण आलेल्या मालातल्या चांगल्या वस्तू व्यापारी आपापसांतच पहिल्या तासाभरात उचलतात.

मी नऊ वर्षांपासून व्हिक्टोरियन काळातल्या सोन्याच्या अंगठ्या जमवते. म्हणजे १८३७ ते १९०१, राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतल्या. कोल्हापूरची बाई हे कुठून शिकली असं लोक विचारतात. त्याचं उत्तर आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात आहे. १९८६ साली मावशीच्या लग्नात पाटल्या करायच्या होत्या, तेव्हा आजीने बोटातलं वेढणं काढून मोडीत घातलं. ते तिच्या आजीचं होतं. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. आपल्याकडे सोनं हे असंच चालतं, डाग मोडायचा आणि नवा घडवायचा, सोनं घरातच राहतं. पण मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि सराफाच्या मुशीत ते वेढणं मऊ होऊन खाली बसताना मी पाहिलं. आतून ते इतकं झिजलं होतं की एका बाजूला कागदासारखं पातळ झालं होतं. ती झीज तीन पिढ्यांच्या बोटांची होती, आणि ती दोन मिनिटांत गेली. पुढे भाऊ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला स्थायिक झाला. त्याच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानाच्या काचेत अशीच झिजलेली अंगठी दिसली. १८६० च्या आसपासची होती आणि मोडली गेली नव्हती. तिथून हे सुरू झालं.

अंगठी हातात घेतली की मी आधी आतली बाजू बघते. खडे, नक्षी, रंग सगळं नंतर. आतमध्ये दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की छोटे छोटे ठसे दिसतात. नांगर असेल तर बर्मिंगहॅमच्या कार्यालयात सोनं तपासलं गेलं. बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टर. एक इंग्रजी अक्षर असतं, ते वर्ष सांगतं. आणि राणीचा मुखवटा असला तर कर भरल्याची ती खूण, जी १८९० साली बंद झाली. म्हणजे तो ठसा दिसला की अंगठी त्याआधीची.

मला सगळ्यात आवडतो तो १५ चा आकडा. आपल्याला बावीस आणि अठरा कॅरट माहीत असतात. इंग्लंडात १८५४ साली नऊ, बारा आणि पंधरा कॅरटच्या सोन्यावरही ठसा मारायला परवानगी मिळाली, आणि १९३२ साली बारा आणि पंधरा दोन्ही बंद करून त्या जागी चौदा आणलं. त्यामुळे पंधराचा ठसा असलेली अंगठी या अठ्ठ्याहत्तर वर्षांतलीच असायला हवी. पंधरा कॅरटचा रंगही वेगळाच असतो. बावीसइतका पिवळा नाही, नऊसारखा फिकाही नाही. पिकत आलेल्या लिंबाच्या सालीसारखा.

ठसा नसला म्हणजे अंगठी खोटी, असं मात्र नाही. त्या काळातल्या कितीतरी खडे जडवलेल्या अंगठ्यांवर ठसा नाहीच. आणि ठसा आहे म्हणजे सगळं खरं, असंही नाही. हे मी पैसे घालवून शिकले. चार वर्षांपूर्वी एका जत्रेवजा प्रदर्शनात मी सहा खड्यांची अंगठी घेतली. खड्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून शब्द करायचा, अशी तेव्हा पद्धत होती. रुबी, एमरल्ड, गार्नेट, अमेथिस्ट, रुबी, डायमंड मिळून 'रिगार्ड', म्हणजे स्नेह. माणूस जे तोंडाने बोलू शकत नव्हता ते खड्यांत मांडून द्यायचा. मी हरखून गेले आणि घाईत घेतली. घरी आल्यावर अंगठीवर तोंडाने वाफ सोडली, तर कडं जिथे खड्यांच्या घराला मिळतं तिथे दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ उमटली. दोन सांधे. वरचा भाग जुना होता, कडं नंतरच्या कुठल्यातरी अंगठीचं कापून लावलेलं, आणि ठसा त्या कड्यावर होता. सांध्याच्या धातूचा कस वेगळा असल्याने वाफेत त्याचा रंग वेगळा दिसतो. आता वाफ सोडल्याशिवाय मी पैसे काढत नाही.

बर्मंडसीत त्या पहाटे तिसऱ्या टेबलावर एक अंगठी होती, तिच्या काचेखाली विणलेले केस. काळ्या मिन्याचा पट्टा, त्यावर 'इन मेमरी ऑफ' एवढीच सोन्याची अक्षरं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे केस घरात कुणी ठेवणार नाही, माझाही हात आधी मागेच गेला. पण तिथे हे अगदी घरोघरी होतं. १८६१ च्या १४ डिसेंबरला राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि तिने उरलेली जवळजवळ चाळीस वर्षं काळे कपडे घातले. तिच्यामागून सगळा देश दुःखाचे दागिने घालू लागला. व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या काळ्या जेटचे शेकडो कारागीर त्यावर पोट भरायचे. जेट म्हणजे जुरासिक काळातल्या झाडांचं दगड झालेलं लाकूड. हातात घेतलं की हलकं आणि ऊबदार लागतं, काचेची नक्कल मात्र गार लागते. मी शेवटी ती केसांची अंगठी भिंगाखाली धरली. दोन रंगांचे केस होते, एक तपकिरी आणि एक जवळजवळ पांढरा, चटईसारखे एकाआड एक विणलेले. आई आणि मूल असावेत, किंवा नवरा-बायको. ती मी घेतली नाही. ती कुणाच्यातरी घरातली आहे असंच वाटत राहिलं.

त्याच टेबलावर सोन्यात मढवलेल्या वाघनखांचा ब्रोच होता. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांची ती आठवण. आमच्याकडे लहान मुलांच्या गळ्यात वाघनख असायचं, त्यामुळे भाचीला कौतुक वाटलं. मी तिला तिथून पुढे नेलं. वाघाचं काहीही विकत घेऊ नये, आणि भारतात आणणं तर गुन्हाच आहे.

साडेसहाच्या सुमारास एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर मला माझी अंगठी मिळाली. मखमलीच्या ट्रेमध्ये तीसेक अंगठ्या होत्या आणि ही कोपऱ्यात पडली होती, कारण दिसायला साधी. होडीच्या आकाराचं घर, त्यात तीन अर्धे मोती आणि मोत्यांमध्ये दोन बारीक माणकं. मधला मोती किंचित पिवळसर, कडेचे दोघे त्याच वयाचे. आत पंधराचा आकडा, नांगर, कारागिराची दोन अक्षरं, आणि अर्धं झिजलेलं एक अक्षर. वाफ सोडली. रेघ फक्त एकच, कड्याच्या तळाशी, कुणाच्यातरी बोटासाठी माप वाढवल्याची. तेवढं चालतं. ते अंगठीचं आयुष्यच आहे.

बाईंनी दोनशे साठ पौंड सांगितले. मी किंमत पाडून मागितली नाही, फक्त म्हटलं की माप वाढवलंय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि दोनशे वीस म्हणाल्या. मग पावती लिहिता लिहिता म्हणाल्या, "अर्ध्या मोत्यांना पाणी लागू देऊ नका. डिंकावर बसवलेले असतात. हात धुताना काढून ठेवा, पण बेसिनच्या कडेला नको." त्यांनी ती स्वतःच्या करंगळीत एकदा घालून बघितली आणि मग मला दिली.

दुपारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दागिन्यांच्या दालनात जाऊन आलो. तिथे तीन हजारांवर दागिने आहेत आणि एका फेरीत डोळे थकतात. माझं लक्ष फक्त टाउनशेंड नावाच्या पाद्र्याने मागे ठेवलेल्या १५४ रत्नांवर होतं, बहुतेक अंगठ्यांत जडवलेली आणि रंगांप्रमाणे लावलेली. सुंदर आहेत. पण एकाही अंगठीवर झीज नाही, त्या कुणी रोज घातल्याच नाहीत.

शनिवारी आम्ही बर्मिंगहॅमला गेलो. स्नो हिल स्टेशनवरून गाडीने एकच थांबा, ज्वेलरी क्वार्टर. बाहेर आलं की व्हाइज स्ट्रीट, आणि थोडं पुढे चौकात १९०३ सालचं हिरवं लोखंडी घड्याळ. दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं, खाली दुकान आणि मागे कारखाना. गुजरीचीच आठवण आली, फक्त इथे गजबज कमी. या गावाला स्वतःचं तपासणी कार्यालय १७७३ मध्ये मिळालं. त्याआधी चांदीचा माल ठशासाठी चेस्टर नाहीतर लंडनला पाठवावा लागायचा, तोही घोडागाडीने, वाटेत खरचटत आणि चोरांची भीती घेऊन. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने पार्लमेंटमध्ये जाऊन भांडून ते कार्यालय मिळवलं. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाचा ठसा नांगर कसा, याची गोष्ट तिथे सगळे सांगतात. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची माणसं लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमायची, म्हणून एकाने मुकुट घेतला आणि दुसऱ्याने नांगर.

व्हाइज स्ट्रीटवरचं ज्वेलरी क्वार्टर म्युझियम हे मुळात म्युझियम नव्हतंच. स्मिथ अँड पेपर ही १८९९ साली सुरू झालेली सोन्याच्या बांगड्या आणि लॉकेटं करणारी पेढी. १९८१ मध्ये मालक भावंडं, एरिक, ऑलिव्ह आणि टॉम स्मिथ, म्हातारी झाली. चालवायला पुढे कुणी नव्हतं. त्यांनी दार लावलं आणि निघून गेली. कामाची हत्यारं बाकावर तशीच, हिशेबाच्या वह्या कपाटात, चहाचे कप जागेवर. काही वर्षांनंतर दार उघडलं तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं आणि ते तसंच ठेवलं आहे.

कारागिरांच्या बाकाला अर्धगोल खाचा आहेत. प्रत्येक खाचेत एक माणूस बसायचा, मधोमध लाकडाची खुंटी, आणि खाचेखाली टांगलेलं कातडं, पोट आणि बाक यांच्यामध्ये झोळीसारखं. कानशीने घासताना पडणारी सोन्याची धूळ त्यात जमा व्हायची. जमीन झाडलेला केर, हात धुतलेलं पाणी, जुने एप्रन, काहीच फेकायचे नाहीत. सगळं गाळून, जाळून त्यातलं सोनं परत काढायचं. आमच्या वाटाड्या बाई हे रंगवून सांगत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. गुजरीतल्या दुकानांसमोरची माती ते पहाटे झाडून नेतात, आणि पाटीत पाणी घालून धुतात. त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि वहीत लिहून घेतला.

टूर संपल्यावर मी अंगठी काढून त्यांना दाखवली. त्यांनी खिडकीशी जाऊन भिंग लावलं. बराच वेळ गेला. झिजलेलं अक्षर एका बाजूने प्रकाश पडला की स्पष्ट होतं. लहान 'एन' होता. म्हणजे १८८७-८८, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या सुमाराचं. त्यांनी अंगठी परत देताना खिडकीबाहेरच्या गल्लीकडे हात केला. ही इथेच कुठेतरी घडली असणार, पाचदहा मिनिटांच्या अंतरात, अशाच बाकावर. मी त्या रिकाम्या खाचेसमोर उभी राहिले. खुंटीचं टोक कानशीने खाऊन खाऊन कुरतडल्यासारखं झालं होतं. कातड्याला मध्यभागी खोल पोट पडलेलं. भाचीही गप्प होती. तिने माझ्या बोटातली अंगठी फिरवून बघितली आणि विचारलं, "मग हे मोती?" त्या काळी बाजारात येणारे पुष्कळसे मोती इराणच्या आखातातले, आणि त्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. तिथे ते निवडले जायचे, भोकं पाडली जायची आणि मग युरोपला जायचे. तुझ्या पणजीच्या नथीतले बसरा मोती त्याच पाण्यातले, हे मी तिला सांगितलं.

दिवाळीच्या आधी कोल्हापूरला परतले आणि गुजरीत आमच्या सराफांकडे अंगठी घेऊन गेले. आता दुकान मुलगा बघतो, वडील मागे गादीवर बसून असतात. मुलाने वजन केलं. २.४ ग्रॅम, पाव तोळासुद्धा भरला नाही. कसोटीवर ओढून म्हणाला, "ताई, यात दीड ग्रॅम सोनं निघेल. एवढ्यासाठी विमानातनं आणलीसा?" मागून वडिलांनी हात पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठी दारातल्या उन्हात नेली. मोत्यांच्या कडेने सोन्याचे मोहरीहून बारीक दाणे उचलून ते मोत्यावर दाबलेले असतात, ते त्यांनी नखाच्या टोकाने एकेक चाचपले. मग मुलाला हाक मारली.

"हिकडं ये. मोत्याला भोक न्हाई बघ. मधोमध कापलाय आणि दाण्यावर धरलाय." आणि अंगठी त्याच्या हातात न देता, स्वतःच्याच बोटांत धरून, त्याला वाकून बघायला लावलं.