तिसरी रात्र

यांनी टेकडीच्या गणपतीसमोर दारू सोडायची शपथ घेतली, त्याला दोन वर्षं झाली. शपथ मनापासूनची होती. चुकलो ते आम्ही, घरी आल्यावर.

बारा-तेरा वर्षं रोजचा पव्वा, शेवटी शेवटी तर सकाळीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस कोंडून ठेवू, सुटते आपोआप." मलाही पटलं. मानेवाड्याच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीला बाहेरून कडी लावली. मे महिना, म्हणून कूलर लावून दिला.

दुसऱ्या दिवशी हातात पाण्याचा ग्लास ठरेना. बनियान पिळून काढावं इतका घाम. आम्ही म्हटलं, ऊन आहे, शिवाय अंगातलं विष निघतंय. तिसऱ्या रात्री हे चादरीवरून काहीतरी चिमटीत धरून खाली टाकत बसले. "मुंग्या झाल्या ना किती! पाहून नाही राहिली का तू?" चादर स्वच्छ होती. कूलरमागे माणसं उभी आहेत म्हणाले. पहाटे अंग तापलं आणि मला ओळखेनात.

शेजारच्या भाऊंनी ऑटो काढला. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

मग त्यांनी समजावलं. रोजची दारू मेंदूला ब्रेकसारखी लागून गेलेली असते. ती एकदम काढली की मेंदू सुसाट सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत असा भ्रम होतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो. उपचार मात्र आहेत: मेंदू शांत ठेवणारी औषधं, तीही रोज थोडी कमी करत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाइन. एका नातेवाइकाने चहात चोरून टाकायची पुडी आणली होती, तीही मी दाखवली. त्या चिडल्याच. दारू सोडवायचं औषध माणसाला न सांगता दिलं आणि वर तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो.

२०१९ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. मी हे वाचलं तेव्हा आमची मागची खोली डोळ्यांपुढे आली. उरलेल्या सदतीस घरांत अशीच कडी लागत असेल का? कोणाकडे असं चाललं असेल तर कृपा करून आधी डॉक्टरांना विचारा. कुठे जायचं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

आता हे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातात. वर्षभर सगळं नीट होतं. मग तान्ह्या पोळ्याला मित्रांनी बसवलं आणि चार दिवस पिणं चाललं. पाचव्या दिवशी स्वतःच बाटली मोरीत ओतली, ओट्याशी आले आणि म्हणाले, "लिहून ठेव, साडेनऊला शेवटची घेतली. डॉक्टर पहिले तेच विचारते."