जिन्याखालचं पिंप

शनिवार

नाताळात नवऱ्याने हौसेने आणलेला, घरी बिअर करायचा संच तीन आठवडे तसाच पडून होता. आज इथे इंग्लंडात, लीड्समध्ये सकाळपासून पिरपिर पाऊस, म्हटलं चला.

डब्यातून निघाली ती थेट काकवी. तशीच काळपट, तशीच चमचा न सोडणारी, फक्त वास कडवट. मोड आणलेल्या सातूचा हा घट्ट अर्क, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आधीच घातलेली. डबा गरम पाण्यात बसवून तो पातळ केला, पिंपात ओतला, वर किलोभर साखर आणि उकळतं पाणी, मग 23 लिटरच्या खुणेपर्यंत गार पाणी. वीस मिनिटांत काम संपलं. त्याआधीचा दीड तास मी नुसती भांडी धूत होते. पिंप, झाकण, तोटी, लांब चमचा, सगळं जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचं. आईच्या लोणच्याच्या दिवशी बरणीच्या आसपास ओला हात फिरकू देत नसत, तसलंच सोवळं.

द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.040 वर तरंगला; साध्या पाण्यात तो 1.000 दाखवतो, आणि साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. पाणी 21 अंशांवर आल्यावर यीस्ट भुरभुरवलं आणि पिंप जिन्याखालच्या कपाटात ढकललं.

सोमवार

झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून बुडबुडे यायला हवेत. एकही नाही. रात्री घर 16 अंशांवर उतरतं, म्हणून काल पिंपाला गोधडी गुंडाळली. तरी ढिम्म.

आईला फोनवर सांगितलं. "अगं, थंडीत इडलीचं पीठ तरी कुठे लगेच फुगतं? सारखं झाकण काढून बघू नकोस." मग आवाज खाली आणून, "पोलीस वगैरे येणार नाहीत ना?" म्हटलं, इथे 1963 पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय केली तर गुन्हा, हे तिला पक्कं ठाऊक. मागून बाबांचा आवाज, "किती टक्के होणार?"

बुधवार

आज न राहवून गोधडी बाजूला केली. पिंपाच्या आत, पातळीच्या वर, चार बोटं तपकिरी फेसाचं कडं! तोटीतून थोडं काढून मोजलं तर 1.018. म्हणजे काम केव्हाच जोरात सुरू होतं. झाकणाची एक बाजू नीट बसली नव्हती, वायू तिथूनच निसटत होता. दोन रात्री मी उगाच त्या नळीकडे बघत बसले.

पुढचा बुधवार

रविवारी 1.008, आजही 1.008. आकडा हलायचा थांबला, की मगच बाटल्या भरायच्या. घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि बाटली फुटते. बाबांना हिशोब कळवला: 1.040 मधून 1.008 वजा, गुणिले 131, साधारण 4.2 टक्के. त्यांचं उत्तर, "बरं."

अर्ध्या लिटरच्या 42 प्लास्टिक बाटल्या. प्रत्येकीत अर्धा चहाचा चमचा साखर, तिच्यावरच फेस येतो. अकराव्या बाटलीला फोन वाजला, आणि परत आले तेव्हा दहावीत साखर घातली होती की अकरावीत, काही केल्या आठवेना. अंदाजाने एकीत घातली आणि दोघींना एकेक टिकली लावली.

दोन आठवड्यांनी, बुधवार

बाटल्या दाबून बघितल्या. चाळीस घट्ट. टिकलीवाल्यांपैकी एक दगडासारखी टणक, दुसरी दुधाच्या पिशवीसारखी मऊ.

बिनटिकलीची एक आधी उघडली. फुस्स! रंग छान, चव जरा कच्च्या सफरचंदाकडे झुकणारी. अजून मुरायला हवी. "बरी आहे," नवरा म्हणाला. ग्लास पुरा भरायचा म्हणून त्याने तळाचा गाळही ओतला, मी नको नको म्हणेपर्यंत.

टणक बाटली रात्री सिंकमध्ये उभी करून उघडली. फेस खिडकीच्या पडद्यापर्यंत गेला.