अर्धं पाऊल मागे: सोलापुरात आईची पहिली हाफ मॅरेथॉन

ही टिपणं जानेवारीतल्या सोलापूरची, आईला सोबत करत धावणाऱ्यासाठी. पहाटे सहाची सुरुवात, अंतर २१.०९७५ किलोमीटर, लक्ष्य तीन तासांच्या आत, आणि आईची ही पहिलीच वेळ. आईच्या जागी वडील असोत, मोठी बहीण असो की सासूबाई, सोबत धावणाऱ्याचं काम तेच राहतं. म्हणून पुढे सगळीकडे ‘आई’ असंच लिहिलंय.

आधी सोबत्याचं बघू. एरवी दोन तासांत हाफ संपवणाऱ्याला वाटतं, तीन तास म्हणजे आरामच. तसं होत नाही. सवयीपेक्षा हळू धावताना पावलं आखूड पडतात, बाराव्या-तेराव्या किलोमीटरला पोटऱ्या आणि कंबर बोलायला लागतात, शिवाय पायांवरचा वेळ तासाने वाढतो. त्यामुळे आईच्या शेवटच्या चार लाँग रनपैकी (सरावातल्या लांब धावांपैकी) निदान दोन तिच्या शेजारी, तिच्याच पेसने, म्हणजे किलोमीटरला तिला लागतात तेवढ्याच मिनिटांनी करा. सर्वात लांब रन १६ ते १८ किलोमीटरचा झाला असेल तर पुरे, पण तो शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकलेला हवा. सोबत्यानेही पैसे भरून स्वतःचं बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, घ्यावं. बिब नसलेला माणूस कुणाच्या तरी वाटचं पाणी पितो, आणि त्याला काही झालं तर वैद्यकीय पथकाकडे त्याची नोंदच नसते.

चाळिशी ओलांडली असेल तर तयारी सुरू करण्याआधीच बीपी, शुगर, ईसीजी तपासून घ्या. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर त्या दिवशीचा डोस कधी घ्यायचा, हे डॉक्टरांना नेमकं विचारा. गुडघा दुखू नये म्हणून धावण्याआधी वेदनाशामक गोळी देणारे घरोघरी भेटतात. ती देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि दुखणं दबल्यामुळे थांबायचा इशाराही कळत नाही.

पुण्याहून येणाऱ्यांचा हात आपोआप हुतात्मा एक्सप्रेसकडे जातो. ती संध्याकाळी निघून रात्री दहाच्या सुमारास सोलापूरला पोचते. मुंबईहून येणारी वंदे भारतही रात्रीच. म्हणजे बिब वाटप बंद झालेलं, जेवण अकराला आणि झोप चार तासांची. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचेल अशीच गाडी धरा. परतीलाही या दोन गाड्या उपयोगाच्या नाहीत, त्या पहाटे सहा-साडेसहाला सुटतात आणि तेव्हा तुम्ही रस्त्यावर असता. रविवारी मुंबईला परतायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी. आईसाठी खालचा बर्थ आधीच मागून ठेवा, त्याचं कारण शेवटी येईलच.

शर्यतीची तारीख संक्रांतीच्या आसपास असेल तर खोली महिनाभर आधी घ्या. सिद्धेश्वरांची यात्रा त्याच दिवसांत असते. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा म्हणजे जत्रा, यांनी अख्खं शहर भरलेलं असतं, लॉज भरतात आणि सिद्धेश्वर मंदिर ते पार्क चौक भागातली वाहतूक वळवलेली असते. गड्डा बघायचाच असेल तर धावून झाल्यावर. आदल्या संध्याकाळी तीन तास त्या गर्दीत उभं राहिलेले पाय सकाळी जड पडतात.

आदल्या रात्रीच्या जेवणाबद्दल सोलापुरात कडक राहावं लागतं, कारण समोर शेंगा चटणी, कडक भाकरी आणि झणझणीत रस्सा येतो. चटणीतलं तिखट आणि लसूण सकाळी पोटात उठतं. वरण-भात, दही, हवी तर एखादी मऊ भाकरी, तीही घरी रोज खात असेल तरच. चटणीचं पाकीट बांधून घ्या. रात्री आठच्या आत ताट उचललेलं असावं.

सकाळी ३:४५ ला उठवा. चारला एक केळं, दोन टोस्ट, रोजचा चहा. चहा सोडायला सांगू नका, रोजची सवय मोडली की पोट साफ होत नाही आणि चौथ्या किलोमीटरला शौचालय शोधावं लागतं. काखा, मांड्यांच्या आतल्या बाजू, ब्राच्या पट्ट्याखाली आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन लावा. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासते आणि फोड येतो. बूट, मोजे, कपडे, सगळं आधी निदान दोन लाँग रनमध्ये वापरलेलं हवं.

बुटाची लेस सोबत्याने स्वतः बांधावी. घोट्याजवळ, वरच्या बाजूला, एक जादा भोक असतं जे बहुतेक जण रिकामं सोडतात. लेस बाहेरून आत त्याच बाजूच्या त्या भोकात घाला, म्हणजे दोन्हीकडे छोटं कडं तयार होतं. मग डावं टोक उजव्या कड्यातून आणि उजवं डाव्यातून काढून खाली ओढा. टाच जागच्या जागी बसते, बोटं पुढे सरकून आपटत नाहीत, नखं काळी पडत नाहीत. पावलाच्या वरच्या भागावर मात्र लेस सैल हवी, एक बोट आत जाईल इतकी. तासाभराने पाऊल सुजतं. शेवटी दुहेरी गाठ मारून टोकं लेसखाली खोचा.

सोबत्याच्या कंबरपट्ट्यात काय हवं? अर्धा लिटरची बाटली, बिया काढलेले १२ साधे खजूर, व्हॅसलीनची छोटी डबी, दोन चिकटपट्ट्या, चार सेफ्टी पिना, टिश्यू, फोन आणि दोनशे रुपये. एका साध्या खजुरात सुमारे ५ ते ६ ग्रॅम कर्बोदकं असतात. पहिल्या चाळीस मिनिटांनंतर दर २० मिनिटांनी दोन खजूर दिले तर तासाला ३० ग्रॅमच्या वर पडतात, पहिल्या हाफला तेवढे पुरतात. चिक्की छान लागते, पण धापा टाकताना शेंगदाण्याचा तुकडा घशात अडकतो. ती शेवटच्या रेषेपलीकडे ठेवा.

ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करणं ही नेहमीची चूक. दाट द्रावण पोटात पडून राहतं, मळमळतं, आणि दोष उन्हाला दिला जातो. रात्रीच लिटरभर पाण्यात कालवा आणि त्यातलं अर्धं बाटलीत भरा.

पार्क स्टेडियमच्या बाजूला पहाटे पाच-साडेपाचला हवा पंधरा-सोळा अंशांची असते, आणि उभं राहिलं की जास्तच बोचते. गावच सोलापूर, तेव्हा जुनी चादर पांघरून उभं राहायला संकोच नको. सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी ती घरच्या कुणाकडे द्या. बिब छातीवर, उघडं. त्यावर जॅकेट ओढलं तर बिबवरची वेळ मोजणारी चिप वाचली जाईलच असं नाही. मागच्या बाजूला घरचा नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहा. उभं राहायचं ते घोळक्याच्या मागच्या एक तृतीयांश भागात. चिपचा वेळ सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावरच सुरू होतो, मागे राहून काही जात नाही.

आता पेस, जिथे बहुतेक शर्यती बिघडतात. तीन तासांत २१.०९७५ म्हणजे किलोमीटरला ८:३२. पण मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वात जवळच्या रेषेवरून. लोकांना ओलांडत, पाण्याच्या टेबलाकडे जात तुम्ही सहज २१.४ धावता. म्हणून घड्याळावर ८:२४ धरा. सलग धावणं जमत नसेल तर चार मिनिटं ७:५५ ने धावा आणि एक मिनिट ११ च्या पेसने झपझप चाला, सरासरी साधारण तीच येते. चालायचं पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नाही. सुरुवातीला चालताना तिला लाज वाटेल, शेजारून माणसं धडाधड पुढे जातील. ती माणसं चौदाव्या किलोमीटरला परत भेटतात.

पहिले पाच किलोमीटर ८:४० ने, उरलेले साधारण ८:१९ ने, म्हणजे सरासरी ८:२४ च पडते. बँड, टाळ्या, थंड हवा यांत आई नकळत साडेसातला जाते. ‘हळू’ म्हणून ऐकणार नाही. तिला एखादं लांब वाक्य बोलायला लावा, घरी परतल्यावर कुणाला फोन करायचे वगैरे. वाक्य मध्ये तुटलं तर वेग जास्त आहे, हे तिलाच कळतं.

धावायचं शेजारी, पण अर्धं पाऊल मागे, आणि वाहनांच्या बाजूला. सोबती पुढे गेला की ती त्याला गाठायला बघते, दर पावलाला थोडी थोडी ओढली जाते आणि पंधराव्या किलोमीटरला रिकामी होते. मागून तिची मान, खांदे, पावलं दिसत राहतात. खांदे कानांकडे चढले की ‘हात खाली झटक’ एवढंच सांगा. अंधारात गतिरोधक आला की चार पावलं आधी ‘ब्रेकर’ म्हणा. यू-टर्नला रुंद वळण घ्या, जागच्या जागी फिरलं की गुडघा पिळतो. सातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्यानंतर होटगी रोडने बाहेर जात असाल तर ऊन थेट डोळ्यांवर येतं, पुढे छज्जा असलेली टोपी हवी.

सोलापूरची हवा कोरडी. घाम लगेच उडून जातो, अंग कोरडं वाटतं आणि ‘मला तहान नाही’ असं उत्तर येतं. दर टेबलावर दोन-चार घोट द्याच, पण ढोसायला लावू नका. दर वेळी पेलाभर साधं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जास्त घातक. टेबलाच्या वीस पावलं आधी सोबत्याने पुढे जाऊन दोन पेले उचलावेत, इतर वेळी पुढे जायचं नाही. कागदी पेल्याचा काठ दोन बोटांत चिमटला की चोच तयार होते, पाणी नाकात जात नाही. पिताना दहा पावलं चालायचं.

सोळाव्यापासून तिचं बोलणं थांबतं. तेव्हा ‘कशी आहेस?’ विचारू नका, उत्तर कायम ‘बरी आहे’ असंच येतं. ‘खजूर देऊ की ओआरएस?’ विचारा. उत्तर यायला किती वेळ लागतो, ते ऐका. ‘थोडंच राहिलंय’ हे पाच किलोमीटर असताना म्हणू नका, पुढच्या वेळी ती विश्वास ठेवत नाही. पुढच्या झाडापर्यंत, पुढच्या चौकापर्यंत, एवढंच सांगा. पोटरीत गोळा आला तर भिंतीला हात लावून अर्धा मिनिट ताण द्या आणि दोन मिनिटं चाला. छातीत दुखणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, किंवा लंगडत पावलाची ठेवणच बदलणं, यांपैकी काहीही दिसलं की तिथेच थांबायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची. हा निर्णय सोबत्याचा, तिला विचारून घ्यायचा नाही. तो नियम आदल्या रात्री दोघांनी ठरवलेला असावा.

शेवटच्या दोनशे मीटरला हात धरून ओढू नका, दमलेला माणूस तोंडावर पडतो. मॅटवर तिला पुढे जाऊ द्या.

रेषेनंतर लगेच बसू देऊ नका. दहा मिनिटं चालत ठेवा, ओले कपडे बदला, चादर परत अंगावर. मीठ घातलेलं ताक, केळं, मग अर्ध्या-पाऊण तासात जेवण, आणि आता शेंगा चटणी हवी तेवढी. स्टेशनवर जिना उतरताना आईला कठड्याच्या बाजूने ठेवा आणि तुम्ही एक पायरी खाली राहा, मांड्या चढण्यापेक्षा उतरताना जास्त दगा देतात. वरच्या बर्थवर तर ती त्या रात्री चढूच शकत नाही.