ऑपरेशन तासाभराचं, डिस्चार्ज दिवसभराचा

पित्ताशयात खडे निघाले, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटावर चार भोकं, सगळ्यात मोठं सेंटिमीटरभर. संध्याकाळी मी कॉरिडॉरमध्ये चालत होते. सासूबाईंचं हेच ऑपरेशन 1988 साली पोट उघडून झालं होतं: वीतभर टाके, आठ दिवस खाट, खोकला आला की पोटाशी उशी. माझ्या पट्ट्या बघून म्हणाल्या, "एवढंच?" डॉ. तेहेमटन उदवाडियांनी मुंबईच्या जे. जे.मध्ये दुर्बिणीतून भारतातलं पहिलं पित्ताशय काढलं 1990 मध्ये. बाईंचं दोन वर्षांनी हुकलं.

दुखला तो खांदा. पोटात जागा करायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल डिवचलं जातं आणि कळ खांद्यात येते. आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी रात्रभर हार्ट हार्ट करत होते. दोन दिवसांत थांबलं.

सकाळी साडेनऊला डॉक्टर म्हणाले, "जा घरी." साडेदहाला मी कपडे बदलून पलंगाच्या कडेवर. निघालो रात्री पावणेआठला.

मेडिक्लेम कॅशलेस होता. एक वाजता टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) डेस्कवर क्वेरी आली: आधीच्या कंपनीच्या पॉलिसीच्या प्रती द्या. पित्ताच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तोवर त्याचा खर्च मिळत नाही. मी 2024 मध्ये पोर्ट केलेलं, म्हणजे पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत नेलेली, म्हणून आधीच्या कंपनीकडची वर्षं दाखवायची. आणि जुने कागद नौपाड्यात, माळ्यावरच्या बॅगेत! हे रिक्षाने निघाले, माजिवड्याला तासभर अडकले. बरोबर अडीचला फोटो पाठवले. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "फोटो नाही चालत, पीडीएफ." पुन्हा खाली उतरून झेरॉक्सवाला.

तेवढ्यात मला भूक. मावशी म्हणाल्या, "ताई, सिस्टीममध्ये तुमचा डिस्चार्ज दाखवतंय, जेवण बंद." मी पलंग अडवून बसलेली आणि सिस्टीममध्ये नाही!

विमा नियामकाने 2024 मध्ये सांगितलंय, डिस्चार्जची विनंती गेल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, त्यापुढचा जादा खर्च कंपनीचा. मी ते डेस्कवरच्या मुलीला ऐकवलं. "मॅडम, क्वेरी आली की घड्याळ परत सुरू." हे खरं की तिचंच गणित, देव जाणे. पण खोलीचं जादा भाडं लावताय का, असं लेखी विचारल्यावर ते बिलातून गेलं. म्हणून सांगते, लेखी विचारा.

पोर्ट केलेल्यांनी जुन्या सगळ्या पॉलिसींची पीडीएफ ॲडमिशनच्या आदल्या दिवशीच मोबाइलमध्ये ठेवावी. ॲडमिट करताना केसपेपरवर काय लिहिलंय तेही वाचा. मी "मागे एकदा दुखलं होतं" म्हटलं, तिथे "दोन वर्षांपासून त्रास" झालं होतं. ते दुरुस्त करून घेतलं, नाहीतर जुना आजार म्हणून आणखी एक क्वेरी.

आणि घरी जाताना इलॅस्टिकची सलवार नको, बेंबीवरच्या टाक्याला घासते. गाऊन न्या. काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट आठवड्याने मिळतो, तो विसरू नका. माझे खडे एका छोट्या डबीत दिलेत. सासूबाई येईल-जाईल त्याला वाजवून दाखवतात.